नाव खाली घालायची रीत

सोलापुरात बाळीवेशीजवळच्या त्या बोळात आता प्लॅस्टिकच्या बादल्यांचे दुकान आहे. निळ्या, तांबड्या, पोपटी बादल्या छताला उलट्या टांगलेल्या असतात. मागच्या महिन्यात मी तिथे जाऊन उभा राहिलो, तेव्हा दुकानदाराने लगेच दोन बादल्या काढून पुढे ठेवल्या. मी फरशीकडे पाहत होतो. आतल्या भिंतीपाशी शहाबादी फरशीवर एक काळा डाग अजून आहे. छपाईच्या ट्रेडल मशीनच्या पायाशी सांडलेले तेल वर्षानुवर्षे तिथे मुरत गेले, त्याचा तो डाग. "आजोबा, काय पडलं का तुमचं?" दुकानदाराने विचारले. मी नाही म्हणालो. त्याला ते पटले नसावे. मी बाहेर पडून वळून पाहिले, तेव्हा तो आपल्या बादल्या मोजत होता.

वाकून त्या डागाचा वास घ्यावा असे मनात आले होते. आता वाकता येत नाही. पण वास उभ्या उभ्याच आला. अळशीच्या तेलातली शाई, अक्षरांचे खिळे धुवायचे रॉकेल, ओलसर कागद, आणि शेजारच्या विणकरांच्या घरातून येणारा सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास. हे चारही एकत्र झाले की आमचा छापखाना होई. छापखाना माझ्या मामांचा होता. मी तिथे खिळे जुळवायचो, प्रुफे तपासायचो आणि कविता करायचो. या तीन कामांपैकी तिसरे मला कमी येत होते, हे तेव्हाच कळायला हवे होते.

मी त्या बोळात गेलो तो कुसुमताईंमुळे. कुसुमताई म्हणजे माधव मास्तरांच्या कन्या. आता त्याही पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत, शाळेतून निवृत्त व्हायला आल्या आहेत. वडिलांच्या कविता जुन्या चोपड्यांतून शोधून त्यांनी गोळा केल्या आहेत आणि त्यांचे पुस्तक काढायचे ठरवले आहे. माझ्याकडे आल्या, खुर्चीच्या काठावर बसल्या आणि म्हणाल्या, पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'पगडी' घालायची आहे. छापखान्यातल्या त्या मंडळींतले तुम्ही एकटेच उरलात. बाबांनी ती कविता कशी लिहिली, कुठे लिहिली, एवढे चार ओळींत लिहून द्या.

मी विचार करून सांगतो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले. चार ओळी लिहायला विचार कसला करायचा, असे त्यांच्या मनात आले असेल.

'पगडी' माधव मास्तरांनी लिहिलेली नाही. ती मी लिहिली. हे वाक्य लिहायला मला आयुष्य लागले, आणि लिहून झाल्यावर पाहतो तो त्याच्यात मला एक बढाई ऐकू येते. म्हणून जे झाले ते सगळेच लिहायला हवे.

आमच्या छापखान्यात लग्नपत्रिका छापल्या जात, दुकानांच्या पावत्या छापल्या जात, आणि वर्षातून एकदा दिवाळीला कवितांची चोपडी छापली जाई. पातळ, पिवळट कागदाची, दोऱ्याने शिवलेली. ती कोणी विकत घेत असे म्हणावे तर तसे नाही. कवीच आपापल्या सोयऱ्यांना वाटत. कवी म्हणजे शाळामास्तर, नगरपालिकेतले कारकून, एक धान्याचे व्यापारी, एक देवळातले पुजारी. प्रत्येकाला टोपणनाव होते. व्यापाऱ्याच्या घरी माणसांचा इतका राबता की बसायला जागा नसे, पण कवितेत ते 'विरही' होते. नगरपालिकेतले गणपतराव उंदीर दिसला तरी पाय वर घेत, ते 'वज्रधर'. माधव मास्तर 'तृणांकुर'. त्यांना मात्र ते नाव शोभायचे. अंगाने किरकोळ, आवाज बारीक, कोटाच्या खिशात नेहमी खडूचा तुकडा.

शनिवारी दुपारी गिरणीचा भोंगा वाजून गेला की मंडळी जमत. छापखान्यात चटई पसरली जाई. मधे वाया गेलेले छापील कागद, त्यावर कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगांची चटणी. चटणीचे तेल कागदात उतरले की कागद पारदर्शक होई आणि मागच्या पानावरची कविता पुढच्या पानावर उमटलेली दिसे, उलटी. मला ती तशी सहज वाचता यायची. खिळे जुळवणाऱ्याला उलटेच वाचायची सवय असते. अमुक कवीची कविता उलटी जास्त चांगली वाटते, असे विनोद व्हायचे. 'विरही' चटणीचा घास घेऊन विरहाच्या ओळी म्हणत आणि ठसका लागला की सगळे दाद द्यायचे.

मामांच्या दोन रिती होत्या. पहिली, कवीचे नाव कवितेच्या खाली घालायचे, वर कधीच नाही. नाव वर दिले की लोक नावच वाचतात, असे ते म्हणत. आधी कविता वाचू दे, मग माणूस कळू दे. दुसरी रीत कात्रीची. पानात कविता मावली नाही, तर मामा शेवटचे कडवे न विचारता काढून टाकत. कवीला ते चोपडी हातात पडल्यावरच कळे. सुरुवातीला भांडणे झाली. मग कवी शहाणे झाले. ते शेवटी मुद्दाम एखादे भरताड कडवे जोडू लागले. "हे मामाला," असे म्हणून वाचूनही दाखवत. मामा गंभीरपणे ते ऐकून घेत आणि पानात जागा असली तर हटकून तेच छापत.

एकट्या माधव मास्तरांना ही युक्ती जमली नाही. ते आपले सर्वांत चांगले शेवटी ठेवत. दरवर्षी त्यांचे काहीतरी कापले जाई आणि दरवर्षी ते पुन्हा तसेच करत.

नावाच्या रितीला एक अपवाद होता. चोपडीला कागद देणारे एक वकील होते. मास्तरांच्या शाळेचे अध्यक्षही तेच. त्यांची कविता पहिल्या पानावर असे आणि त्यांचे नाव वर, ठळक खिळ्यांत. मामा ते पान स्वतः जुळवत नसत. माझ्याकडे देत आणि आत पुठ्ठे कापायला जात.

एकतीस सालची दिवाळी होती. आदल्या वर्षी शहरात लष्करी कायदा होऊन गेला होता. त्याचे पुढे लोकांनी खूप सांगितले, लिहिले. माझ्या मनात राहिले आहेत ते बारीकसारीक बदल. लोक बोलताना एकदा दाराकडे पाहत. डोक्यावर पांढरी टोपी घालून बाहेर पडावे की नाही, याचाही विचार करत. अनोळखी माणूस पत्रिका छापायला आला, तर मामा मुलाचे नाव, मुलीचे नाव, मुहूर्त सगळे विचारून घेत आणि तो गेल्यावर म्हणत, लग्न खरे वाटत नाही. शनिवारची बैठक चालू होती, पण दार लोटून. खड्या आवाजावर बसवलेल्या कविता कुजबुजीत वाचल्या जात. 'वज्रधर' आपली कविता वाचून झाल्यावर कागद खिशात घालत आणि वरून खिसा दाबून पाहत.

त्याच वर्षी वकिलांना सरकारने रावसाहेब केले.

त्यांची त्या वर्षीची कविता मी सकाळी जुळवली. तीत कृतज्ञ नगरी आपल्या सुपुत्राला ओवाळते, असे वर्णन होते. सुपुत्र तेच, कवीही तेच. खिळा एक एक उचलून मी ती नगरी उभी केली. हात शाईने आणि मन कशाने तरी काळे झाले होते. दुपारी सगळी पाने छापून झाली, फक्त शेवटचे राहिले. शेवटच्या पानावर माधव मास्तरांची 'वळचण' होती. वळचणीला घरटे करणाऱ्या चिमणीची कविता. जुन्या अभंगाची चाल, साधे शब्द.

ते पान समोर जुळवून तयार होते, दोऱ्याने आवळलेले. आणि माझ्या हातातल्या, खिळे जुळवायच्या मोकळ्या स्टिकमध्ये ओळी येऊ लागल्या. कागदावर मी काही लिहिले नाही. खिळ्यांच्या पेटीतल्या घरांवरून हात फिरत होता आणि ओळी धातूतच तयार होत होत्या.

नव्या पगडीस डोके मिळाले,
जुन्या डोक्याची कुणा आठवण?
कणा वाकता मानही लवली,
गाव म्हणाले, हेच थोरपण.

आणखी चार ओळी होत्या, त्या तितक्या बऱ्या नाहीत. लोक ही चारच म्हणतात.

मी 'वळचण'ची शेवटची दोन कडवी उचलून बाजूला ठेवली. मनाशी म्हणालो, शेवटची कडवी काय, मामाला द्यायचीच असतात. मधे फुलाचा ठसा ठेवला आणि खाली माझ्या ओळी बसवल्या. मशीनचा पाय मारणारा राजन्ना शाईचा रूळ फिरवत वाट पाहत होता. तो विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलायचा.

"अण्णा, शाई वाळायली. चढवू का पान?" त्याने विचारले.

चढव म्हणालो. पहिला कागद निघाला, तो त्याने उजेडाकडे धरला. त्याला थोडेफार वाचता येत होते.

"शेवटचं बदललं की हो."

"जागा उरली होती."

त्याने बाजूला ठेवलेल्या दोन कडव्यांच्या खिळ्यांकडे पाहिले. "उरली व्हय," तो म्हणाला आणि पाय मारू लागला.

मास्तरांचे नाव पानाच्या तळाशी होते, तिथेच राहिले. ते वर सरकवून त्यांच्या उरलेल्या कवितेखाली, फुलाच्या अलीकडे घालायला हवे होते. आमच्याकडे नाव खाली, म्हणजे वरचे ते सगळे त्या नावाचे. चोपडी हातात घेणारा कोणीही 'पगडी' वाचणार आणि खाली 'तृणांकुर' पाहणार. मी प्रुफे तपासणारा माणूस. उलटा पडलेला काना मला दारातून दिसायचा. ते नाव मला दिसले नाही, असे मी स्वतःला सांगत आलो आहे. घाईत राहून गेले. पण आधीच्या शनिवारी मास्तरांनी 'वळचण' वाचली, तेव्हा मामांनी चष्मा काढून पुसला होता. माझ्या कवितेला मामांनी चष्मा कधीच काढला नव्हता. त्यामुळे घाईत राहून गेले, यावर माझा पूर्ण विश्वास बसत नाही. इतकी वर्षे झाली, मी त्या दुपारच्या माझ्या हातांवर पाळत ठेवून बसलो आहे. काही उघडकीला येत नाही.

दिवाळीच्या फराळाबरोबर चोपडी घरोघरी गेली. आठवडाभर काही झाले नाही. मग बाजारात दोघे भेटले की एकमेकांना विचारू लागले, शेवटचे पान पाहिलेत का. वाचलेले सांगत नव्हते, न वाचलेले वाचले म्हणत होते. लोक हसायचे आणि मग कोण ऐकते आहे ते पाहायचे. रावसाहेबांनी मामांना निरोप धाडला की यंदाची चोपडी सुंदर झाली आहे, उरलेल्या प्रती त्यांच्याकडे पाठवाव्यात. त्यांचा माणूस आला आणि गठ्ठा घेऊन गेला. जाताना त्याने विचारले, शेवटच्या कवितेचा हस्तलिखित कागद असेल ना. मामांनी मास्तरांचा कागद काढून दाखवला. त्यावर 'वळचण' होती, तीही पूर्ण. 'पगडी' त्यावर नव्हती.

"मग ही आली कुठून?" तो माणूस म्हणाला. "हवेतून?"

मामांनी तो कागद घडी घालून परत ठेवला. मी खिळे पुसत राहिलो. ती खरोखरच हवेतून आली होती.

पुढच्या शनिवारी चटई पसरली, पण मधले कागद कोरे होते. छापील कागदावर आता कोणी चटणी घेईना. सगळे एकमेकांकडे पाहत होते. रावसाहेबांकडे प्रत कोणी पोचवली, असा 'विरही' यांचा प्रश्न होता. खरे तर त्यांना प्रत दरवर्षी मानाने जात असे, पण हे त्या दिवशी कोणाच्या लक्षात येईना. गणपतरावांचे भाऊ सरकारी कचेरीत होते, म्हणून नजरा त्यांच्याकडे गेल्या. ते उठून उभे राहिले आणि आपण वज्रधर असलो तरी चुगलखोर नाही, असे म्हणून चप्पल घालू लागले. चप्पल पुजाऱ्याची होती. एरवी हसून पोटे दुखली असती. त्या दिवशी चप्पल बदलण्यातही काही डाव असेल, असे लोकांना वाटले.

माधव मास्तर शेवटी आले. त्यांना सगळ्यांनी वाट करून दिली, आदराने. ते म्हणाले, ती कविता माझी नाही. कोणाला खरे वाटले नाही. 'विरही' त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "मास्तर, बाहेर काय सांगायचं ते सांगा. आम्हाला तरी खरं बोला की."

"मी खरंच बोलतोय," मास्तर म्हणाले.

मंडळींनी माना हलवल्या. किती सांभाळून बोलतात पाहा, अशा अर्थाने.

ती शेवटची बैठक. त्यानंतर शनिवारी भोंगा वाजायचा आणि मी चटईच्या गुंडाळीकडे पाहत बसायचो. गणपतराव रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले. पुजारीबुवा प्रसाद देताना हातात न देता ताम्हणात ठेवू लागले, निदान मला तसे वाटायचे. राजन्ना पाय मारताना माझ्याकडे पाहत नव्हता, आणि तो पाहत नव्हता म्हणून मी त्याच्याकडे पाहत होतो. त्याने कोणाला सांगितले तर, हा विचार मशीनच्या ठोक्याबरोबर डोक्यात पडायचा. त्याने कधीच सांगितले नाही. पुढे तो भिवंडीला गेला. निरोप घेताना मला नमस्कार केला आणि मामांच्या मात्र पाया पडला.

शाळेने मास्तरांना काढले नाही. आधी वरचे वर्ग काढून घेतले, मग मराठी काढून घेतले, मग त्यांना कवायतीची शिट्टी दिली. बारीक आवाजाचा तो माणूस मैदानात शिट्टी फुंकत उभा असलेला मी पाहिला आहे. पौषात त्यांनी केमला शाळेत जागा शोधली. रेल्वे स्टेशन आणि भोवती शेते, एवढेच तेव्हाचे केम. घरात नुकतेच बाळंतपण झालेले, तीन महिन्यांची मुलगी.

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा सुरू होती. बाहेर पाळण्यांची करकर आणि पिपाण्यांचे आवाज चालले होते. जायच्या आधी ते छापखान्यात आले. मी जुनी पाने मोडून खिळे ज्याच्या त्याच्या घरात टाकत होतो. त्या कामाचा एक आवाज असतो, पत्र्यावर टपटप पाऊस पडावा तसा. मामा आत पुठ्ठे कापत होते. मास्तर घरांच्या चौकटीला हात लावून उभे राहिले.

"बापू, ते पान तू जुळवलंस."

"हो."

"मग तुला ठाऊक असेल, त्या ओळी कुणी आणून दिल्या."

मी हातातले खिळे टाकत राहिलो. "मामांनी जे हातात दिलं ते जुळवलं, मास्तर."

त्यांनी आत मामांच्या दिशेने पाहिले. दोघांची मैत्री माझ्या जन्माआधीची. आत कात्रीचा आवाज चालू होता आणि मग थांबला. मामांनी ऐकले की नाही, मला माहीत नाही. त्यांनी मला कधी विचारले नाही. विचारले नाही, यावरूनच त्यांना सगळे कळले होते, असा माझा संशय आहे. मरेपर्यंत ते माझ्याशी चांगले वागले आणि त्यांनी चोपडी पुन्हा काढली नाही.

"आणि माझी दोन कडवी?" मास्तरांनी विचारले.

"जागा नव्हती."

"ती मामाला द्यायची नव्हती रे," ते म्हणाले. रागाने नाही. खिशातला खडू त्यांनी बोटांत धरला होता, तो परत खिशात टाकला आणि मामांना न भेटता निघून गेले.

त्या दोन कडव्यांचे खिळे मी त्याआधीच मोडले होते. अक्षरे घरात गेली आणि पुढे लग्नपत्रिकांत, पावत्यांत, कोणाकोणाच्या नावांत मिसळून गेली.

नंतरची गोष्ट सोलापुरातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. 'पगडी' तोंडातोंडी पसरली. प्रभातफेऱ्यांत म्हटली गेली. रावसाहेब गेले, सरकार गेले, पगड्याही गेल्या, त्या चार ओळी राहिल्या. माधव मास्तर निर्भय कवी झाले. त्यांचा एकदा शहरात सत्कार झाला, मी मागच्या रांगेत होतो. हार गळ्यात घालून ते उभे राहिले आणि त्याच बारीक आवाजात म्हणाले, ही कविता माझी नाही. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी उठून या विनयाचे कौतुक केले. मास्तर टाळ्या थांबायची वाट पाहत उभे होते, त्यांना पुढे बोलायचे होते. टाळ्या थांबल्या तेव्हा लोक चहाला उठले होते.

मी चहा घेतला नाही. मी एवढेच केले.

तर कुसुमताई परवा पुन्हा आल्या. चार ओळी लिहून झाल्या का, त्यांनी विचारले. मी त्यांना इथवर लिहिलेले सगळे सांगितले. त्या ऐकत होत्या आणि पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. माझे संपल्यावर त्यांनी वर पाहिले.

"काका, तुमचं एकही पुस्तक निघालं नाही ना?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मग आता हे का सांगता? बाबा गेले, तुमचे मामा गेले, राजन्ना कुठं आहे कुणाला ठाऊक. विचारायला कुणी उरलं नाही, तेव्हाच बरं आठवलं तुम्हाला."

त्यांचे बरोबर होते. माझ्याजवळ कागद नव्हता. रावसाहेबांच्या माणसाने विचारलेले तेच त्या विचारत होत्या, कविता आली कुठून. आणि मी म्हणत होतो, माझ्या हातातून. म्हातारपणी एका मेलेल्या माणसाची कविता पळवायला बसलेला बुवा, असे त्या माझ्याकडे पाहत होत्या. मी त्यांच्या जागी असतो तर तसेच पाहिले असते.

"आई शेवटपर्यंत बाबांना म्हणायची," त्या म्हणाल्या, "लिहिलीत ना, मग लिहिली म्हणा. नोकरी गेली, गाव गेलं, आता ताठ उभे तरी राहा. बाबा म्हणायचे, मी लिहिली नाही. आई म्हणायची, भ्याले. मलाही तेच वाटायचं. अजून वाटतं. आणि तुम्ही सांगता की ते खरं बोलत होते."

"ते खरंच बोलत होते."

"कशावरून?"

मी डोळे मिटले. मला आठवायचे होते ते माझ्या कवितेतले नव्हते. दोऱ्याने आवळलेले ते पान, त्याच्या तळाची दोन कडवी, उलटी, डावीकडून उजवीकडे, मी उचलून बाजूला ठेवताना बोटांना लागलेली. दुसरे कडवे येईना. पहिले हळूहळू आले.

"माझ्याही घरात नवे पिलू आले," मी म्हणालो, "अंगण कळाले..."

"आज मला," कुसुमताई म्हणाल्या.

त्या चटकन बोलून गेल्या आणि मग दचकल्या. बंद गुंडाळलेले बोट पांढरे पडले होते. मी विचारले, हे तुम्हाला कसे ठाऊक. त्या म्हणाल्या, बाबा झोपवताना म्हणायचे. केमला, अंगणात, रात्रीची गाडी निघून गेली की. मला वाटायचं कुठलं तरी जुनं गाणं आहे. आईलाही तसंच वाटायचं.

"ते 'वळचण'च्या शेवटचं आहे," मी सांगितले. "तुमचा जन्म झाला तेव्हाचं. मी काढलं ते पानातून."

त्या उठून खिडकीपाशी गेल्या. माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांची पाठ मास्तरांसारखीच आहे, किरकोळ. मी म्हणालो की आणखी एक कडवे होते, ते मला आठवत नाही. तुम्हाला येते का?

"येतं," त्या म्हणाल्या.

मी वाट पाहिली. त्यांनी वळून पिशवी उचलली, पदर नीट केला.

"तुम्हाला नाही सांगणार. पुस्तकात वाचा."

दारापाशी मी त्यांना विचारले, 'पगडी'चे काय करणार. ती घालू नका, किंवा घाला आणि खाली काही लिहू नका, असेही म्हणालो. त्यांनी चपला घातल्या, आपल्याच आहेत ना म्हणून एकदा खाली पाहिले, आणि बघते म्हणाल्या. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला की नाही, मला सांगता येणार नाही. वडिलांवर बसला असावा.

पुस्तक पुण्याला छापायला गेले आहे म्हणतात. तिथे आता खिळे नसतात. कोणी काही उचलून बाजूला ठेवू शकत नाही, निदान बोटांनी तरी नाही. मी रोज टपालवाल्याची वाट पाहतो आणि तो माझ्या दारावरून पुढे गेला की मुद्दाम गेला असे मला वाटते. पुस्तक आले की 'वळचण' उघडेन. वरून वाचणार नाही. आधी पानाच्या तळाशी पाहीन.